उतरणीची जबाबदारी

काही वर्षांपूर्वी रायगड जिल्ह्यातल्या माणगावला परिविक्षाधीन तहसीलदार म्हणून ललिता बाबर रुजू झाल्या. माण तालुक्यातल्या मोही गावची ही मुलगी २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. १९८४ मध्ये पी. टी. उषा धावल्या, त्यानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत अंतिम फेरी गाठणारी भारतीय बाई दिसायला ३२ वर्षं जावी लागली होती. अशी धावपटू आपल्या जिल्ह्यात दाखल्यांच्या आणि जमिनीच्या कागदांवर सह्या करतेय, याचं आम्हा रायगडकरांना कौतुक वाटलं. वाटायलाच हवं होतं.

महाराष्ट्राला खेळाडूच्या गोष्टीचा असाच शेवट आवडतो. आधी पदक, मग मिरवणूक, मग थेट नियुक्ती. कुस्तीगीर राहुल आवारे पोलीस उपअधीक्षक झाले. नेमबाज स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला कांस्यपदक घेतलं तेव्हा तो मध्य रेल्वेत टीसी होता. पदक मिळताच रेल्वेने त्याला बढती देऊन विशेष कार्य अधिकारी केलं आणि राज्य सरकारने १ कोटी रुपये जाहीर केले. या कोणालाही मिळालेलं फुकटचं नाही, आणि ते काढून घ्यावं असं मला मुळीच म्हणायचं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. पदकाचं बक्षीस म्हणून जी नोकरी आपण देतो, तिलाच आपण खेळाडूच्या पुढच्या आयुष्याची सोय समजून बसलो आहोत. बक्षीस जिंकणाऱ्याला मिळतं. खेळ मात्र सगळ्यांचाच सुटतो.

या समजाला सत्तर वर्षांचा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात कराडजवळच्या गोळेश्वरपासून होते. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला सहावे आले होते. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचं तर पैसा नव्हता. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर बैलगाड्यांची प्रचंड मिरवणूक निघाली. ती संपल्यावर खाशाबांनी काय केलं, ते मला मिरवणुकीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या लावल्या आणि त्या पैशातून खर्डेकरांचं कर्ज फेडलं. ऑलिंपिकहून आलेल्या माणसाचा पहिला उद्योग होता तो उधारी चुकवण्याचा. पुढे १९५५ मध्ये ते मुंबई पोलिसांत फौजदार म्हणून लागले. वर्षानुवर्षं त्याच हुद्द्यावर राहिले आणि निवृत्ती तोंडावर आली तेव्हा कुठे सहायक आयुक्त झाले. १९८४ च्या ऑगस्टमध्ये रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी, मरणोत्तर.

खाशाबांची आठवण निघाली की आपण हळहळतो ती पुरस्कार उशिरा मिळाला म्हणून. मला तेवढं पुरेसं वाटत नाही. त्यांच्यापाशी कुस्तीचं जे ज्ञान होतं, परदेशी मॅटवर दोनदा उतरून आलेल्या माणसाचं, ते या राज्याने किती वापरलं? पोलीस खात्यातल्या पोरांना त्यांनी शिकवलं, तो त्यांचा स्वतःचा उत्साह. पण हेलसिंकीनंतर दुसरं वैयक्तिक पदक यायला भारताला १९९६ ची अटलांटा उजाडावी लागली, लिअँडर पेसपर्यंत. मधल्या ४४ वर्षांतली निदान ३० वर्षं खाशाबा आपल्यात होते. खेळाडू निघून गेला की त्याच्या अंगातलं सगळं शिक्षणही जातं. तो तोटा त्याच्या एकट्याचा नसतो.

नोकरी ही कृपा असली की ती कोणावर व्हावी याचा नियम लागत नाही. कविता राऊतचं बघा. नाशिकच्या हरसूल भागातल्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याच अंतराला रौप्य, २०१२ मध्ये अर्जुन, २०१६ मध्ये रिओची मॅरेथॉन. तिला ओएनजीसीत नोकरी होती. पण इतर खेळाडूंना राज्य सरकारने वर्ग एकची पदं दिली, मला का नाही, असा प्रश्न तिने २०२४ मध्ये जाहीरपणे विचारला. तिचा दावा शंभर टक्के बरोबर की नाही हा वाद घालणारे घालोत. मला खटकलं ते इतकंच की एवढ्या मोठ्या धावपटूला आपल्या उत्तरायुष्याबद्दल पत्रकारांसमोर विचारावं लागलं. ज्या गोष्टीचा नियम आहे तिच्यासाठी पत्रकार परिषद घ्यावी लागत नाही. रेशनकार्डासाठीही आपण खेटे घालतो हे खरं, पण निदान कोणते कागद लागतात हे तिथे भिंतीवर लिहिलेलं असतं.

आता या नामवंतांना बाजूला ठेवून भिसेगावात येऊ.

भिसेगाव म्हणजे कर्जत स्टेशनाला खेटून असलेली वस्ती. इथल्या माणसाचं घड्याळ लोकलवर चालतं. रायगडात कबड्डी किती भिनलेली आहे हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. भातं झोडून झाली की प्रकाशझोतातल्या स्पर्धांचे बॅनर लागतात. आठ-आठ दहा-दहा हजार माणसं रात्री दोनपर्यंत गॅलरीत बसतात आणि सामना यूट्यूबवर थेट दिसतो. आमच्या ओळखीतला एक पोरगा, आता पस्तिशीकडे झुकलेला, या मैदानांवर डावा कोपरा सांभाळायचा. घोट्याची पकड अशी की एकदा हात बसला की चढाईवाला हलायचा नाही. जिल्ह्याच्या संघात आला. मग मुंबईतल्या एका कंपनीच्या संघात, पण कायम नोकरीवर नव्हे, मानधनावर. पहाटेची लोकल पकडून जायचा, सरावानंतर रात्री परतायचा. दर वर्षी सांगितलं जायचं की पुढच्या वर्षी कायम करतो. चौथ्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट गेलं. ऑपरेशनचा लाख-दीड लाखाचा खर्च घरच्यांनी आणि मंडळाच्या वर्गणीने भागवला. कंपनीने पुढच्या हंगामाचा करार केला नाही, एवढंच. काढून टाकलं असं म्हणायलाही जागा नाही, कारण तो कधी घेतलेलाच नव्हता.

त्याच्याकडे एक फाइल आहे. प्लास्टिकच्या पिशवीत, प्रत्येक प्रमाणपत्र लॅमिनेट केलेलं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, वयाची ५ वर्षांची सवलत आहे. ती फाइल घेऊन तो पडताळणीसाठी गेला तेव्हा कळलं की त्यातली निम्मी प्रमाणपत्रं मान्यता नसलेल्या संघटनेच्या स्पर्धांची आहेत. एका खेळाच्या दोन-दोन संघटना, दोघींचे शिक्के सारखेच गोल. खेळताना कोणत्या पोराला त्यातलं काय कळतं? उरलेल्या कागदांवर जे पद मिळू शकत होतं त्याला पदवी हवी, आणि याचं शिक्षण बारावीच्या क्रीडागुणांपाशी थांबलेलं. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं राज्यात गाजली, म्हणून पडताळणी कडक झाली. ते योग्यच झालं. पण चोरांसाठी लावलेल्या चाळणीत खरे खेळाडूही अडकतात, आणि अडकल्यावर त्यांना वाट दाखवणारं कोणी तिथे बसलेलं नसतं.

आज तो चौक फाट्याकडच्या एका फार्महाऊसवर सुपरवायझर आहे. पगार वेळेवर होतो, तक्रार नाही. एकदा बोलता बोलता म्हणाला, "काका, खेळ गेला त्याचं मी धरून बसलो नाही. पण पाचला जाग येते. अजून. उठून करू काय?"

या प्रश्नाला पगार हे उत्तर नाही. म्हणून मी नोकरीवर थांबायला तयार नाही.

मानसशास्त्रात यावर बरंच काम झालं आहे. ब्रिटन ब्रूअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये 'खेळाडू म्हणून असलेली ओळख' मोजायची एक पट्टी तयार केली. माणूस स्वतःला केवळ खेळाडू म्हणूनच ओळखत असेल तर ते हर्क्युलसचं बळ की अकिलीसची टाच, असा प्रश्न त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच टाकला होता. उत्तर दोन्ही. जोवर खेळतोय तोवर ती ओळख रेटून नेते, आणि खेळ तुटला की तिथेच घाव बसतो. तोही सगळ्यात खोल कोणाला बसतो? दुखापतीने किंवा संघातून वगळल्याने ज्याला अचानक थांबावं लागतं त्याला. स्वतःच्या मर्जीने, सत्कार घेऊन थांबणारा बऱ्यापैकी सावरतो. मायकेल फेल्प्सइतकी पदकं कोणाकडे नाहीत, पैशाची तर बातच नको, तरीही ऑलिंपिक संपल्यावर येणाऱ्या नैराश्याबद्दल तो उघडपणे बोलत आला आहे. मग लॅमिनेट केलेल्या फाइलवाल्याचं काय होत असेल?

शरीराचंही तेच. वर्षानुवर्षं रोज चार-पाच तास घाम गाळलेला देह एका दिवसात थांबवायचा नसतो, हळूहळू आणायचा असतो. तालमीतल्या जुन्या पैलवानांना विचारा. मेहनत सुटते, खुराकाची सवय सुटत नाही, आणि पाच वर्षांत गुडघे, साखर, रक्तदाब सगळं मागे लागतं. मैदान सुटताना खाणं कसं बदलायचं, व्यायाम कसा उतरवायचा, दुखऱ्या सांध्याचं पुढे काय करायचं, हे दहा भेटींत शिकवता येण्याजोगं आहे. शिकवतं कोण? ज्या प्रशिक्षकाने वजनी गटात बसवण्यासाठी दोन दिवस उपाशी ठेवलं, त्याचा फोनसुद्धा नंतर येत नाही.

कर्जतला राहणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. बोरघाट चढायला गाडीला इथे मागून बँकर इंजिनं लागतात, कारण ३७ फुटांना १ फूट असा तो चढ आहे. पण घाट बांधणाऱ्यांनी उतरणीचा विचार चढणीपेक्षा कमी केला नाही. उतरताना गाडीने कुठे थांबायचं, ब्रेक कुठे तपासायचे, आणि ती हाताबाहेर गेलीच तर तिला वेगळ्या चढावर घेऊन थोपवणारी कॅच सायडिंग कुठे असेल, हे सगळं आधी आखलेलं आहे. आपल्या क्रीडा व्यवस्थेत मागून ढकलणारी इंजिनं पुष्कळ झाली. २०१४ पासून केंद्राची ऑलिंपिक पोडियम योजना, तिच्या मुख्य गटातल्या खेळाडूला दरमहा ५०,००० रुपये हातखर्च. खेलो इंडियातल्या मुलांना दरमहा १०,०००. राज्यात १९९६ पासून क्रीडा प्रबोधिन्या. उतरणीवर मात्र एकही ठाणं नाही. गाडी घसरली की आपण म्हणतो, बिचाऱ्याचं नशीब.

प्रबोधिनीत मूल कसं जातं हे जवळून पाहिलं की ही जबाबदारी कोणाची ते आपोआप कळतं. आठ ते चौदा वर्षांच्या पोरांच्या चाचण्या होतात. भिंतीवर खडूने खूण करून उभी उडी मोजतात, टेप लावून लांब उडी, मेडिसिन बॉल फेकायला लावतात, छोट्या अंतरावर ये-जा करत पळवतात, ८०० मीटर धावायला लावतात. हातात शिट्टी असलेला माणूस वहीत आकडे लिहितो आणि त्या आकड्यांवरून ठरतं की हे मूल आई-बापापासून दूर, वसतिगृहात राहून खेळेल. दहा वर्षांच्या मुलाने हे निवडलेलं नाही. आपण त्याला निवडलं. यातूनच स्वप्नील कुसाळे घडला, २००९ मध्ये तो प्रबोधिनीत गेला. तेव्हा प्रबोधिनी नको असं कोणी म्हणू नये. पण त्याच्याबरोबर चाचणीला उभे राहिलेले, निवडले गेलेले आणि दोन-चार वर्षांनी कामगिरी पुरेशी नाही म्हणून ट्रंक घेऊन घरी पाठवलेले किती? ते घरी जातात तेव्हा गावची शाळा पुढे गेलेली असते, मित्र पांगलेले असतात, आणि 'वापस आला' हा शिक्का बसतो. तेरा-चौदा वर्षांच्या वयात. या मुलाची निवृत्ती ही ऑलिंपिकवीराच्या निवृत्तीपेक्षा अवघड आहे, आणि तिला आपण निवृत्ती म्हणतसुद्धा नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: खेळ सुटताना मिळणारा आधार हा पदकाचं बक्षीस नसून दिलेल्या वर्षांचा मोबदला असायला हवा, आणि ज्याने निवडलं त्याने तो द्यायला हवा. प्रवेश देतानाच प्रबोधिनीने लिहून द्यावं की हे मूल तीन वर्षं राहिलं तर निघताना त्याला काय मिळेल, सात वर्षं राहिलं तर काय. बुडालेलं शिक्षण भरून काढायला दोन वर्षांची फी, दुखापतीवरचे उपचार, आणि एक माणूस, ज्याचं काम वर्षभर त्याची चौकशी करणं एवढंच असेल.

यावर पहिला सवाल येतो तो आपल्या घराघरातून. एमपीएससीच्या मागे पुण्याच्या पेठांत तरुणपण घालवणारी लाखो पोरं आहेत. त्यांचीही वर्षं गेली, त्यांच्या खोलीभाड्याचा हिशोब कोण देतं? खेळाडूचेच लाड का? हा प्रश्न खोडसाळ नाही. पण त्या पोरांना सरकारने दहाव्या वर्षी उचलून वसतिगृहात ठेवलं नव्हतं, आणि त्यांच्या अभ्यासाने सरकारचा झेंडा वर जात नव्हता. शिवाय त्यांनी पाच वर्षं जे वाचलं ते बँकेच्या परीक्षेत, शिकवण्यांत, कुठे ना कुठे चालतं. डाव्या कोपऱ्यावरून घोटा पकडण्याची विद्या बाहेर कुठल्याच बाजारात चालत नाही. आणि भिसेगावच्या त्या पोराला सरकारने निवडलं नव्हतं हेही मी मान्य करतो. त्याला आधी मंडळाने आणि मग कंपनीने घेतलं. तर तितका वाटा त्यांनी उचलावा. चार वर्षं मानधनावर खेळवून संघाच्या जर्सीवर आपलं नाव छापणाऱ्या कंपनीवर निदान विम्याची आणि सहा महिन्यांच्या मानधनाची सक्ती असावी, आणि ती सक्ती संघाला स्पर्धेत प्रवेश देणाऱ्या संघटनेने करावी.

दुसरा सवाल प्रशिक्षकांचा. ते म्हणतात, खेळाडूच्या डोक्यात 'नंतर काय' घातलं की तो दोन दगडांवर पाय ठेवतो. पोटात भूक असेल तोच पदक आणतो. हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की ते कोणी तपासून पाहत नाही. तपासा. १९२८ पासून रेल्वेचं स्वतःचं क्रीडा मंडळ आहे आणि भारताच्या पदकविजेत्यांची यादी रेल्वे, लष्कर आणि पोलीस यांच्या हजेरीपटांनी भरलेली आहे. स्वप्नील २०१५ पासून रेल्वेच्या पगारावर होता. त्याच्या नेमात 'उद्या काय' ही धाकधूक नव्हती म्हणून तो बिघडला का? नीरज चोप्रा, अविनाश साबळे लष्करातले. पोटाची खात्री झाल्यावर या माणसांची भूक मेली नाही, उलट तिला खेळापुरतं थांबता आलं. उपाशीपोटी जिंकणाऱ्याची गोष्ट छान रंगते, सिनेमाही निघतो. हरलेल्या हजार उपाशी पोरांवर सिनेमा निघत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की भूकच जिंकवते.

सरकार काहीच करत नाही असंही नाही, आणि तसं म्हणणं आळशीपणाचं होईल. केंद्राची गुणवंत खेळाडूंसाठीची पेन्शन योजना १९९४ पासून आहे. ऑलिंपिक पदकविजेत्याला दरमहा २०,०००, आशियाई किंवा राष्ट्रकुल सुवर्ण असेल तर १४,०००, रौप्य किंवा कांस्याला १२,०००. पण अट दुहेरी: पदक हवं, आणि खेळ थांबवून वयाची ३० वर्षं पूर्ण झालेली हवीत. जिम्नॅस्ट बाविसाव्या वर्षी संपते. तिने आठ वर्षं काय करायचं? आणि पदक नसलेल्याचा तर प्रश्नच येत नाही. पॅरिसला भारताचे ११७ खेळाडू गेले, पदकं आली सहा. त्या चमूपर्यंत पोहोचणं हे पदक नसताही केवढं मोठं, पण या योजनेच्या लेखी नुसतं जाऊन आलेला माणूस मोजलाच जात नाही.

२०२४ च्या राष्ट्रीय क्रीडा दिनी 'रीसेट' नावाची योजना आली. निवृत्त खेळाडूंसाठी, वय २० ते ५०, बारावी झालेल्यांसाठी एक गट आणि न झालेल्यांसाठी दुसरा, ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेकडे सूत्रं. बारावी न झालेल्यांचा वेगळा विचार झाला हे मला फार आवडलं. दिल्लीत बसून कोणाला तरी आमच्या पोरांची फाइल आठवली असावी. अडचण अशी की ही योजना पोर्टलवर आहे, आणि खेळ सुटल्यावर सुरू होते. खेळ सुटलेला माणूस पहिले सहा महिने कोणाशी बोलत नाही, पोर्टल कुठलं उघडतोय. ऑस्ट्रेलियाने १९९० च्या दशकात हे ओळखलं आणि त्यांच्या क्रीडा संस्थांमध्ये खेळाडूच्या शिक्षण-नोकरीची काळजी वाहणारा सल्लागार तो खेळत असतानाच नेमला. तोही सराव चालतो त्याच आवारात बसणारा. जेवणाच्या सुट्टीत सहज गाठ पडते, दुखापत झाली त्याच संध्याकाळी तो भेटतो. बाकी सगळं आपण आपल्या पद्धतीने करू, पण ही एक गोष्ट जशीच्या तशी उचलावी.

आणि काम नाही असंही नाही. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभरच्या वर पट असलेल्या शाळेला शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यायला सांगितलं आहे. प्रत्यक्षात कित्येक शाळांत पीटीच्या तासाला गणिताचे राहिलेले धडे होतात. एकीकडे मैदान आहे आणि शिकवणारा नाही, दुसरीकडे शिकवू शकणारा फार्महाऊसच्या तलावातली पानं काढतोय. दोघांत अंतर आहे ते एका अभ्यासक्रमाचं आणि पदभरतीच्या सहीचं. चांगला खेळाडू चांगला शिक्षक असतोच असं नाही, हे मला माहीत आहे, म्हणून त्याला शिकवायला शिकवावं लागेल. पण आमच्या तालुक्यातल्या आश्रमशाळांतली ठाकर-कातकरी पोरं डोंगर चढून-उतरून ज्या चपळाईने तयार झाली आहेत, त्यांना ओळखायला तिथे एक जुना खेळाडू असला तर काय होईल, हे सावरपाड्याच्या मुलीने दाखवून दिलं आहे. नाशिकला विजेंद्र सिंग यांच्यासारखा प्रशिक्षक नसता तर कविता राऊत पाणी भरण्यापुरतीच धावली असती.

मुलींचा मुद्दा मी शेवटी आणतोय, खरं तर तो आधी यायला हवा होता. मुलाचा खेळ गुडघा संपवतो, मुलीचा खेळ साखरपुडा. विसाव्या-बाविसाव्या वर्षी, ऐन बहरात. लग्नानंतर खेळायचं की नाही हे सासर ठरवतं आणि संघटना त्याकडे घरगुती बाब म्हणून बघते. पोलीस भरतीची, निदेशकाची, पंचाच्या परवान्याची एखादी वाट लग्नाआधीच पक्की झालेली असेल तर तीच मुलगी सासरी वेगळ्या ताकदीने बोलते. आमच्याकडच्या स्पर्धांत आता बाई पंच शिट्टी वाजवताना दिसतात. त्यांतल्या दोघींनी मला सांगितलं की पंच परीक्षा दिली म्हणून मैदान टिकलं, नाहीतर भांडी घासताना यूट्यूबवर सामने बघत बसलो असतो.

सरकारची वाट बघायची गरज नाही अशी एक जागा आमच्याच हातात आहे. या हंगामात कर्जत-खालापुरात होणाऱ्या स्पर्धांत उत्कृष्ट चढाईपटूला, उत्कृष्ट पकडपटूला बक्षिसं असतील, 'पब्लिक हिरो'ला असेल, आणि मालिकावीराला मोटरसायकल. ही मोटरसायकल बहुतेक वेळा पुढच्या महिन्यात विकली जाते, सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या किमतीत दोन्ही तालुक्यांतल्या कित्येक खेळाडूंचा हंगामापुरता अपघात विमा निघेल, आणि वर तीन-चार जणांची मुक्त विद्यापीठाची पदवीची फी भरता येईल. संघ नोंदवताना प्रमाणपत्र कोणत्या संघटनेचं, ते कुठे चालतं, हे पोराला सांगायला एक माणूस टेबलावर बसवायला तर पैसेही लागत नाहीत. मी हे एका मंडळाच्या बैठकीत मांडलं. सगळ्यांनी मान डोलावली. मग अध्यक्ष म्हणाले, सर, तुमचं पटतंय, पण फी भरल्याचा फोटो बॅनरवर कसा लावणार? मोटरसायकल स्टेजवर उभी करता येते.